एका आकड्याची दीडशे वर्षे: दुष्काळ, मान्सून आणि पूर्वानुमान

एप्रिलचा मध्य आला की भारतीय हवामान विभागाची पत्रकार परिषद होते आणि तिच्यातून एक आकडा देशभर पोहोचतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत संपूर्ण देशात मिळून दीर्घकालीन सरासरीच्या किती टक्के पाऊस पडेल, हे तो आकडा सांगतो. ही सरासरी सुमारे ८७ सेंटिमीटर. पाऊस तिच्या ९६ ते १०४ टक्क्यांच्या आत राहिला तर तो 'सामान्य', ९० टक्क्यांच्या खाली गेला तर 'अपुरा'. २०१६ पूर्वी या शेवटच्या स्थितीसाठी हवामान विभाग 'दुष्काळ' हा शब्द वापरत असे. त्या वर्षी त्याने तो आपल्या परिभाषेतून काढून टाकला. पाऊस किती कमी पडला हे विभागाने सांगावे, दुष्काळ जाहीर करणे हे राज्य सरकारांचे काम.

वरवर पाहता हा बदल कार्यालयीन वाटतो. परंतु आभाळातून पाणी न पडणे आणि माणसाला अन्नपाणी न मिळणे या दोन निराळ्या घटना आहेत, हे भारताला फार मोठी किंमत मोजून कळले आहे. पहिली घटना भौतिकशास्त्राच्या कक्षेत येते. दुसरीत बाजारभाव, मजुरी, कोठारे, विहिरी आणि राज्यकर्त्यांचे निर्णय येतात. मान्सूनच्या पूर्वानुमानाचे शास्त्र दुसऱ्या घटनेच्या धास्तीतून जन्माला आले आणि पहिलीचे कारण शोधत शोधत पेरूच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचले. या दीडशे वर्षांत त्याने काय मिळवले आणि काय त्याच्या आवाक्याबाहेरच राहिले, हे पाहण्यासाठी आरंभ १८७५ पासून करावा लागतो.

१८६४ साली कलकत्त्याला भीषण चक्रीवादळाने झोडपले होते. १८६६ साली ओरिसात पाऊस हुकल्यानंतर पडलेल्या दुष्काळात लाखो माणसे दगावली होती. प्रांतोप्रांती विखुरलेल्या वेधशाळांच्या नोंदी एका हाताखाली आणल्याशिवाय अशा संकटांचा अर्थ लागणार नाही, हे सरकारच्या ध्यानात आले आणि १८७५ साली हवामान विभागाची स्थापना झाली. त्याची सूत्रे हेन्री ब्लॅनफर्ड यांच्याकडे आली. ब्लॅनफर्ड मूळचे भूगर्भशास्त्रज्ञ. विभागाची घडी बसते न बसते तोच, पुढच्याच वर्षी दख्खनच्या पठारावर पाऊस रुसला.

१८७६ चा मान्सून दख्खन, म्हैसूर आणि मद्रास इलाख्यात अपुरा पडला. त्यानंतर ईशान्य मान्सूननेही मद्रासला दगा दिला. १८७७ मध्ये कोरडेपणा उत्तरेकडे पसरला. देशाच्या सरासरी पावसाची सलग मालिका १८७१ पासून उपलब्ध आहे. तिच्यातील सर्वांत कोरडे वर्ष आजही १८७७ हेच आहे. त्या वर्षी पाऊस सरासरीहून सुमारे ३० टक्के कमी पडला. ब्रिटिश अमलाखालील प्रदेशांतच ५० लाखांहून अधिक माणसे या दुष्काळात मेली असे बहुतेक अभ्यासक मानतात. काही अंदाज याहून बरेच मोठे आहेत. तमिळ लोकस्मृतीत हा दुष्काळ 'तातु वर्ष पंजम' या नावाने अजून जिवंत आहे.

या दुष्काळाबद्दल एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. तो अनपेक्षितपणे कोसळला नव्हता. १८७६ च्या अखेरीस शेते करपलेली होती, भाव दुपटीतिपटीने चढले होते आणि माणसे गावे सोडून चालू लागली होती. काय होऊ घातले आहे हे कळण्यासाठी कोणत्याही पूर्वानुमानाची गरज नव्हती. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत राणी व्हिक्टोरियाला भारताची सम्राज्ञी घोषित करणारा दरबार भरला, तेव्हा मद्रास इलाख्यात उपासमार सुरू झालेली होती. रेल्वे होती, बंदरे होती आणि देशाबाहेर धान्य जातही होते. बाजारात हस्तक्षेप करायचा नाही, हे व्हाइसरॉय लिटन यांच्या सरकारचे धोरण होते.

खर्चाला आळा घालण्यासाठी सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी भागात पाठवण्यात आले. तीन वर्षांपूर्वी बिहारच्या दुष्काळात त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून माणसे वाचवली होती आणि त्याबद्दल 'उधळपट्टी' केल्याचा ठपका ओढवून घेतला होता. या वेळी त्यांनी दुष्काळी कामांवरील पुरुषाची मजुरी दिवसाला एक पौंड, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम धान्य आणि वर किरकोळ पैसे, इतकी खाली आणली. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी हा आहार कष्ट करणाऱ्या माणसाला जगवू शकत नाही, असे आकडेवारीसह दाखवून दिले. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी या मजुरीवर काम करण्याचे नाकारले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. दुष्काळाची गावोगावची हकिकत गोळा करून सरकारपुढे ठेवण्याचे कामही सभेने केले.

दुष्काळ ओसरल्यावर नेमलेल्या आयोगाने १८८० साली अहवाल दिला. देशभरात मिळून धान्याचा साठा पुरेसा होता. शेती थांबल्याने मजुरी गेली आणि मजुरी गेल्याने धान्य विकत घेण्याची ऐपत गेली, हे या सरकारी आयोगानेही ओळखले. पुढे १९८१ साली अमर्त्य सेन यांनी उपासमारीचा जो सिद्धांत विस्ताराने मांडला, त्याचे बीज या निरीक्षणात सापडते. आयोगाच्या शिफारशींतून दोन धागे निघाले. एक धागा 'फॅमिन कोड'चा: टंचाईची लक्षणे कोणती, ती दिसताच जिल्हाधिकाऱ्याने कोणती कामे काढावीत, मजुरी किती द्यावी, याचे लिखित नियम. दुसरा धागा हवामानाचा: पाऊस हुकणार हे आधी सांगता येईल काय? पहिल्या धाग्याची चर्चा इतिहासाच्या पुस्तकांत राहिली. दुसऱ्याने विज्ञानाचा एक नवा प्रांत उघडला.

ब्लॅनफर्ड यांच्या हाती दोन निरीक्षणे होती. पहिले वायुदाबाचे. १८७६ ते १८७८ या काळात भारतातील वायुदाबमापकांचा पारा सातत्याने नेहमीपेक्षा वर राहिला होता. त्यांनी इतर देशांतील वेधशाळांकडून नोंदी मागवल्या. त्यांवरून दिसले, की हा वाढीव दाब भारतापुरता मर्यादित नव्हता. हिंदी महासागराच्या काठचा फार मोठा पट्टा त्याखाली आला होता. ऑस्ट्रेलियातील चार्ल्स टॉड यांनीही पुढे भारत आणि ऑस्ट्रेलिया येथील अवर्षणे बहुधा जोडीने येतात याकडे लक्ष वेधले. हजारो किलोमीटर दूरच्या दोन भूखंडांना एकाच वेळी कोरड का पडावी, याचे उत्तर मात्र कोणाजवळ नव्हते.

दुसरे निरीक्षण हिमालयातील बर्फाचे. वसंत ऋतूत पश्चिम हिमालयावर बर्फ जास्त असेल तर पुढचा मान्सून दुबळा ठरतो, असे ब्लॅनफर्ड यांना आढळले. त्यामागचे भौतिकशास्त्र सरळ आहे. बर्फ सूर्यप्रकाश परतवून लावतो. उरलेली उष्णता ते वितळण्यात खर्च होते. जमीन उशिरा तापते आणि समुद्रावरून वारे खेचून आणणारा तापमानातील फरक कमी पडतो. या आधारावर त्यांनी १८८२ पासून काही वर्षे प्रायोगिक अंदाज काढले. ते बरे ठरल्यावर ४ जून १८८६ रोजी देशाच्या मान्सूनचे पहिले अधिकृत दीर्घ पल्ल्याचे पूर्वानुमान प्रसिद्ध झाले.

त्यांच्यामागून आलेल्या सर जॉन एलियट यांनी बर्फाच्या जोडीला हिंदी महासागर आणि ऑस्ट्रेलियातील नोंदी घेतल्या. त्यांची पूर्वानुमाने चाळीसहून अधिक पानांची असत. १८९९ साली त्यांनी चांगल्या पावसाचे भाकीत केले. प्रत्यक्षात त्या वर्षी शतकातील आणखी एक भीषण अवर्षण पडले. राजस्थान आणि गुजरातेत विक्रम संवत १९५६ वरून ते 'छप्पनिया' या नावाने ओळखले जाते. तिथल्या बोलींत हा शब्द आजही उपासमारीचा समानार्थी आहे. वृत्तपत्रांनी हवामान विभागावर झोड उठवली. १९०२ पासून काही वर्षे पूर्वानुमान गोपनीय ठेवण्यात आले. ज्या शेतकऱ्यासाठी ते काढायचे, त्याच्याच नजरेआड ते गेले.

अशा वेळी १९०४ साली विभागाची धुरा गिल्बर्ट वॉकर यांच्याकडे आली. हवामानशास्त्राशी त्यांचा पूर्वी संबंध नव्हता. ते केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आलेले होते आणि बूमरँगच्या उड्डाणाचे गणित मांडल्यामुळे त्या नावानेच मित्रमंडळींत ओळखले जात. १९१३ साली मद्रासमध्ये एका तरुण कारकुनाची गणिते पाहून त्याला विद्यापीठाने शिष्यवृत्ती द्यावी, अशी शिफारस करणाऱ्यांत हेच वॉकर होते. तो कारकून म्हणजे श्रीनिवास रामानुजन.

वॉकर यांनी एक महत्त्वाचा निर्णय घेतला. वातावरणाचे समीकरण सोडवण्याइतकी साधने हाती नाहीत, तर आधी नुसते कशाचा कशाशी संबंध आहे ते मोजावे. जगभरच्या ठाण्यांवरील दाब, तापमान, पाऊस आणि नद्यांचे पूर यांच्या जुन्या नोंदी जमवून प्रत्येकीचा भारतीय पावसाशी सहसंबंध काढण्याचे काम सुरू झाले. यंत्रे नव्हती. भारतीय कारकुनांच्या फौजेने ही आकडेमोड वर्षानुवर्षे हाताने केली. त्यांच्यापैकी फार थोड्यांची नावे आज कोणाला ठाऊक आहेत; परंतु जागतिक हवामानाचा पहिला सांख्यिकीय नकाशा त्यांच्या वह्यांत तयार झाला. वॉकर यांच्या आरंभीच्या सूत्रात हिमालयातील बर्फ, मॉरिशसचा वायुदाब, दक्षिण अमेरिकेतील वायुदाब आणि झांझिबारचा पाऊस असे चार घटक होते.

या शोधातून १९२४ मध्ये एक विलक्षण चित्र पुढे आले. पॅसिफिक महासागरावर दाब वाढला की हिंदी महासागरावर तो उतरतो आणि पॅसिफिकवर उतरला की हिंदी महासागरावर चढतो. जणू पृथ्वीच्या निम्म्या परिघावर पसरलेला एक सीसॉ काही वर्षांच्या अंतराने वरखाली होत राहतो. वॉकर यांनी त्याला 'सदर्न ऑसिलेशन', म्हणजे दक्षिणी दोलन, असे नाव दिले. ब्लॅनफर्ड यांना १८७७ साली वर चढलेला जो पारा दिसला होता, तो याच सीसॉचे भारताकडचे टोक होता.

वॉकर यांची सावधगिरीही नोंद घेण्याजोगी आहे. भाकीत या शब्दापेक्षा पूर्वछाया अशा अर्थाचा शब्द त्यांना अधिक पसंत होता. जे दिसते ते अंधुक आहे, हे त्यातून सुचवायचे होते. संपूर्ण भारतासाठी एकच आकडा देण्यात अर्थ नाही, हेही त्यांना पटले होते. राजस्थान आणि आसाम यांची सरासरी काढली तर ती दोन्ही ठिकाणी निरुपयोगी ठरते. म्हणून त्यांनी देशाचे द्वीपकल्प, वायव्य आणि ईशान्य असे विभाग पाडले.

तरीही मूळ काम अपुरेच राहिले. वॉकर यांनी निवडलेले अनेक सहसंबंध पुढच्या दशकांत विरत गेले. १९५३ मध्ये विभागाचे माजी प्रमुख चार्ल्स नॉर्मंड यांनी एक बोचरी गोष्ट मांडली. दक्षिणी दोलनावरून भारताचा मान्सून सांगता येण्यापेक्षा मान्सूनवरून नंतरचे दोलन सांगणे अधिक सोपे होते. भारताला दुष्काळाची आगाऊ सूचना मिळावी म्हणून सुरू झालेला शोध इतर देशांना सूचना देण्याच्या कामी अधिक येईल, असा त्याचा मथितार्थ.

वॉकर यांच्या सीसॉमागचे यंत्र उघड झाले ते १९६९ साली. पेरूच्या किनाऱ्यावर काही वर्षांनी समुद्र अवचित गरम होतो, मासे नाहीसे होतात. नाताळाच्या सुमारास येणाऱ्या या पाहुण्याला तिथले कोळी 'एल निनो', म्हणजे बाळ येशू, म्हणत. याकोब ब्यर्कनेस यांनी दाखवून दिले, की एल निनो आणि दक्षिणी दोलन ही एकाच घटनेची दोन रूपे आहेत. एरवी विषुववृत्तावरील व्यापारी वारे पॅसिफिकचे गरम पाणी पश्चिमेकडे, इंडोनेशियाच्या दिशेने ढकलतात. तिथे हवा तापून वर उठते, पाऊस पाडते आणि पूर्वेकडे जाऊन खाली उतरते. वारे मंदावले की गरम पाणी मध्य आणि पूर्व पॅसिफिककडे सरकते आणि त्याबरोबर हवेचा चढता स्तंभही सरकतो. मग इंडोनेशिया आणि भारत यांच्यावर हवा खाली बसू लागते, दाब वाढतो, ढग विरतात. या चक्राला ब्यर्कनेस यांनी वॉकर यांचेच नाव दिले. १९८० साली भारतीय हवामानशास्त्रज्ञ डी. आर. सिक्का यांनी एल निनोची वर्षे आणि भारतातील अवर्षणे शेजारी ठेवून त्यांचा संबंध स्पष्ट केला.

१८७७ चे कोडेही आता बरेचसे उलगडले आहे. २०१८ मध्ये दीप्ती सिंग आणि सहकाऱ्यांनी जुन्या नोंदी, वृक्षांची वलये आणि संगणकीय पुनर्रचना यांच्या साहाय्याने दाखवले, की १८७७-७८ चा एल निनो ज्ञात इतिहासातील अत्यंत तीव्र एल निनोंपैकी होता आणि त्याच्या जोडीला हिंदी महासागर व उत्तर अटलांटिक या दोन्हींची स्थितीही असाधारण होती. त्याच काळात उत्तर चीन, ईशान्य ब्राझील आणि इजिप्त येथेही अवर्षण पडले. या जागतिक उपासमारीत ५ कोटींपर्यंत माणसे मेली असावीत, असा अंदाज आहे. पाऊस का पडला नाही, याचे उत्तर मिळाले. माणसे का मेली, याचे उत्तर १८८० च्या अहवालातच होते.

ही दोन उत्तरे किती वेगळी आहेत, याची परीक्षा १९७२ मध्ये झाली. त्या वर्षी पॅसिफिकमध्ये मोठा एल निनो होता. पेरूची मासेमारी कोसळली आणि भारताचा मान्सून सुमारे २४ टक्क्यांनी तुटला. एल निनोचा इशारा सिक्का यांच्या विश्लेषणानंतरच अर्थपूर्ण होणार होता; त्याला अजून आठ वर्षे होती. महाराष्ट्रात आधीची दोन वर्षेही कोरडी गेली होती. विहिरी आटल्या, ज्वारी-बाजरीचे पीक बुडाले. पावसाच्या तुटीच्या दृष्टीने हे संकट १८७७ च्या पंगतीत बसणारे होते.

पण या वेळी कामे निघाली. खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव, बंडिंग. १९७३ च्या उन्हाळ्यात एकट्या महाराष्ट्रात दुष्काळी कामांवरील माणसांची संख्या ५० लाखांच्या जवळ पोहोचली. अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी त्या पिढीच्या आठवणीत कायमची बसली. हाल झाले, जनावरे गेली, संसार मोडले. परंतु १८७७ सारखे सामूहिक मृत्यू झाले नाहीत. वि. स. पागे यांनी पुरस्कार केलेल्या रोजगार हमी योजनेला याच अनुभवाने बळ दिले. १९७७ साली महाराष्ट्राने तिचा कायदा केला आणि २००५ मध्ये त्याच कल्पनेवर देशाचा ग्रामीण रोजगार हमी कायदा उभा राहिला.

या दोन दुष्काळांची तुलना पूर्वानुमानाच्या इतिहासात क्वचितच केली जाते. १८७७ साली राज्यकर्त्यांना संकट डोळ्यांसमोर दिसत होते, तरी माणसे मेली. १९७२ मध्ये आगाऊ सूचना देणारे शास्त्र अपुरे होते, तरी माणसे तगली. निवडणुकीला सामोरे जाणारे सरकार, वृत्तपत्रे, मोर्चे, रेशन दुकाने आणि मजुरीची हमी यांनी हा फरक घडवला. पूर्वानुमानाचे मोल यामुळे कमी होत नाही. मात्र ते कशावर अवलंबून असते, हे त्यातून दिसते.

१९८७ च्या अवर्षणानंतर वसंत गोवारीकर आणि हवामान विभागातील शास्त्रज्ञांनी नवे प्रारूप तयार केले. त्यात बर्फ, समुद्राचे तापमान, वायुदाब, वरच्या थरांतील वारे असे १६ घटक होते. १९८८ पासून पुन्हा संपूर्ण देशासाठी एकच आकडा जाहीर होऊ लागला. पहिली अनेक वर्षे पाऊस सामान्य राहिला आणि प्रारूपाचा लौकिक वाढला. १९९७ मध्ये तर पॅसिफिकमध्ये विसाव्या शतकातील सर्वांत प्रबळ एल निनो उभा ठाकला असताना भारतात सरासरीच्या १०२ टक्के पाऊस पडला. एल निनोची भीती अतिरंजित असावी, असे काहींना वाटू लागले.

मग २००२ आले. पूर्वानुमान होते १०१ टक्क्यांचे. जुलैमध्ये पाऊस जवळजवळ निम्माच पडला आणि हंगाम ८१ टक्क्यांवर संपला. त्या वर्षीचा एल निनो १९९७ च्या मानाने बराच सौम्य होता. जगातील कोणत्याही नामांकित प्रारूपाला हा तडाखा आधी दिसला नव्हता. १८९९ नंतर १०३ वर्षांनी शास्त्र पुन्हा त्याच वळणावर उभे होते.

या अपयशातून समज वाढली. १९९७ साली हिंदी महासागराची पश्चिम बाजू तापली होती आणि पूर्व बाजू थंड झाली होती. या द्विध्रुवी स्थितीने एल निनोचा प्रभाव बोथट केला. सुलोचना गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषुववृत्तीय हिंदी महासागरावरील ढगांचे दोलन विचारात घेतले, तेव्हा २००२ आणि १९९७ यांतील फरकाचा अर्थ लागू लागला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील के. कृष्णकुमार आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले, की पॅसिफिकचा मध्य भाग तापला तर भारताला अधिक धोका, पूर्व टोक तापले तर कमी. २०१२ मध्ये सुरू झालेल्या मान्सून मिशनने महासागर आणि वातावरण यांची समीकरणे एकत्र सोडवणारी प्रारूपे भारतात रुजवली. वॉकर यांना जे गणित अशक्य म्हणून सोडून द्यावे लागले होते, ते आता महासंगणक करतो. अचूकता वाढली आहे. मर्यादाही स्पष्ट झाल्या आहेत. २००९ साली सुरुवातीचे पूर्वानुमान ९६ टक्क्यांचे होते आणि पाऊस पडला ७८ टक्के.

२००२ मध्ये देशाचे अन्नधान्य उत्पादन सुमारे २१.३ कोटी टनांवरून १७.५ कोटी टनांवर घसरले. तरी उपासमारीची लाट आली नाही. त्या जुलैत सरकारी कोठारांत ६ कोटी टनांहून अधिक गहू-तांदूळ होता. तोटा झाला तो शेतकऱ्याचा. सुलोचना गाडगीळ आणि सिद्धार्थ गाडगीळ यांनी २००६ मध्ये अर्ध्या शतकाची आकडेवारी तपासून दाखवले, की शेतीचा राष्ट्रीय उत्पन्नातील वाटा घटला असला तरी तीव्र अवर्षणाचा फटका २ ते ५ टक्के इतकाच राहिला आहे. त्यांचे दुसरे निरीक्षण अधिक मार्मिक आहे. वाईट पावसाने जेवढे नुकसान होते, तेवढा फायदा चांगल्या पावसाने होत नाही. चांगल्या वर्षाचा पुरेपूर उपयोग करून घेण्याची तयारीच नसते.

धान्याचा प्रश्न कोठारांनी सावरला. पाण्याचे कोठार कोणते? धरणे आहेत, पण देशातील सिंचित क्षेत्रापैकी ६० टक्क्यांहून अधिक क्षेत्र आज भूजलावर भिजते. पाऊस हुकला की शेतकरी बोअर खोल नेतो, पंप जास्त चालवतो आणि पीक तगवतो. २००९ मध्ये पाऊस २२ टक्क्यांनी तुटला, तरी धान्याचे उत्पादन सुमारे ७ टक्क्यांनीच घटले. या तगण्यात भूजलाचा वाटा मोठा होता. हे कोठार सर्वांच्या शेताखाली आहे, म्हणून त्याचा हिशेब कोणीच ठेवत नाही.

तो हिशेब अवकाशातून लागला. 'ग्रेस' मोहिमेतील दोन उपग्रह एकामागून एक फिरत आपल्यामधील अंतर केसाच्या जाडीहून सूक्ष्म अचूकतेने मोजत. खालच्या जमिनीतील वस्तुमान घटले की गुरुत्वाकर्षण किंचित बदलते आणि ते अंतरही बदलते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात राजस्थान, पंजाब आणि हरियाणा या पट्ट्यातून १०९ घनकिलोमीटर भूजल नाहीसे झाले. देशातील सर्वांत मोठ्या जलाशयाच्या क्षमतेच्या दुपटीइतके हे पाणी. या सहा वर्षांत पाऊस एकंदरीत फारसा कमी नव्हता. तेव्हा हा ऱ्हास आभाळाच्या नावावर टाकता येत नाही.

२०१४ आणि २०१५ ही लागोपाठ दोन वर्षे अपुऱ्या पावसाची गेली आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईचे चारही प्रमुख जलाशय जवळजवळ कोरडे पडले. जुलैत जोलारपेट्टैहून पाण्याच्या गाड्या निघाल्या. त्या वर्षी मान्सूनचा राष्ट्रीय आकडा किती होता? ११० टक्के, पंचवीस वर्षांतील सर्वाधिक. चेन्नईची तहान भागते ती प्रामुख्याने हिवाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या ईशान्य मान्सूनवर, आणि तो आदल्या वर्षी हुकला होता. त्यात शहराच्या वाढीने तळी आणि पाणथळ जागा गिळल्या होत्या. २०२३ साली देशाचा हंगाम ९४ टक्क्यांवर संपला. परंतु त्यातला ऑगस्ट १९०१ नंतरचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. भात आणि सोयाबीनच्या उभ्या पिकाला चार महिन्यांची सरासरी कळत नाही. त्याला त्या पंधरवड्यातले पाणी हवे असते.

वॉकर यांनी शंभर वर्षांपूर्वी देशाचे तुकडे पाडले ते याच कारणाने. आज हवामान विभाग प्रदेशवार आणि महिनावार अंदाज देतो, दर आठवड्याला पुढच्या चार आठवड्यांचा कल सांगतो. जिल्हा पातळीवरील शेतकऱ्याच्या दृष्टीने एप्रिलमधील मथळ्यापेक्षा हे अंदाज कितीतरी उपयोगाचे आहेत. तरी वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर जागा मिळते ती त्या एका आकड्याला.

तापत्या हवामानात हा आकडा आणखी कमी सांगू लागेल. तापलेली हवा अधिक बाष्प धरते. पाऊस मोजक्या दिवसांत ओततो आणि मधले खंड जाणवू लागतात. हंगामाची बेरीज शंभर टक्के भरूनही विहीर रिकामी राहू शकते, कारण धो धो कोसळलेले पाणी मुरत नाही, वाहून जाते. अशा वेळी एप्रिलच्या त्या पत्रकार परिषदेत आकाशाच्या आकड्याशेजारी आणखी दोन आकडे असायला हवेत: प्रत्येक जिल्ह्यातील भूजलपातळी गेल्या दशकात किती उतरली, आणि पाऊस हुकलाच तर त्या जिल्ह्यात कामे काढण्याची, पाणी पोहोचवण्याची, चारा पुरवण्याची तयारी कितपत आहे. यातला पहिला आकडा मोजण्याची साधने आज उपलब्ध आहेत. दुसऱ्याचे नियम १८८० च्या दशकातच लिहिले गेले होते. १८७७ साली ब्लॅनफर्ड यांच्या वायुदाबमापकाने संकटाची नोंद बिनचूक केली होती. ती वाचून काय करायचे, हे ठरवण्याचा अधिकार मात्र त्यांच्या विभागाकडे तेव्हा नव्हता. आजही नाही.